मंदीतली सूट कुणाला महाग पडते?

संगणकाच्या चिपना उठाव नसला की बातम्यांचा साचा ठरलेला असतो. एका कंपनीने दर उतरवले, दुसरीने त्याहून खाली आणले, तिसरीचा बाजारातला वाटा दोन टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांची चंगळ झाली. चंगळ होते हे खरंच आहे. पण या धंद्यातली खरी वाटणी तेजीत होत नाही, मंदीत होते. आणि स्पर्धेवर लक्ष ठेवणारे नियामक नेमके त्याच वेळी निर्धास्त असतात. दर उतरताहेत म्हणजे स्पर्धा जोरात चालली आहे, असा त्यांचा हिशेब. माझ्या मते तो हिशेब चुकीचा आहे, आणि किती महाग पडतो याचा पाव शतकाचा पुरावा समोर आहे.

आधी धंद्याचं गणित. अत्याधुनिक चिप बनवणारा एक कारखाना उभारायला आज दहा-वीस अब्ज डॉलर सहज लागतात. आतली यंत्रं चालोत की बंद पडून राहोत, घसारा, म्हणजे यंत्रांच्या किमतीचा दरवर्षी खर्चात धरायचा हिस्सा, चढतच असतो. उलट उभ्या असलेल्या कारखान्यातून आणखी एक चिप काढायचा खर्च त्यामानाने किरकोळ. त्यामुळे मागणी आटली की कारखानदारापुढे दोनच वाटा उरतात: यंत्रं थंड ठेवून घसारा अंगावर घ्यायचा, नाहीतर मिळेल त्या भावाने माल काढायचा. बहुतेक जण दुसरी धरतात. तेजीत मात्र कुणाला कुणाचं गिऱ्हाईक पळवायची गरजच नसते. 2021 च्या टंचाईत मोटारी बनवणाऱ्या कंपन्या चिपवाल्यांच्या दारात ताटकळत होत्या, भावाची घासाघीस करायची सोय नव्हती. जेवढं बनतं तेवढं खपतं आणि ज्याचा कारखाना मोठा त्याचा वाटा मोठा.

घसारा या धंद्यात किती जड जातो ते पाहायचं असेल तर पीसीचे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलची 2023 ची वही उघडावी. पीसीची मागणी कोसळली होती, पहिल्या तिमाहीत कंपनीला 2.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून इंटेलने आपल्या यंत्रांचं आयुष्य पाचऐवजी आठ वर्षं धरायला सुरुवात केली. यंत्रं तीच, हॉल तोच, फक्त कागदावरचा दरवर्षीचा भार हलका झाला. बेकायदा काही नाही. पण तोटा याहून मोठा दिसला असता, एवढं लक्षात ठेवावं.

वाट्याच्या आकड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मंदीत ते फार फसवतात. हा वाटा मोजतात तो चिप कंपनीने पुढे किती माल पाठवला यावरून. लोकांनी दुकानातून किती संगणक उचलले यावरून नाही. या दोन टोकांच्या मध्ये वितरक असतात, लॅपटॉप जुळवणारे कारखाने असतात आणि त्यांची गोदामं असतात. 2022 मध्ये जगभरातला पीसीचा खप साधारण 16 टक्क्यांनी घटला तेव्हा ही गोदामं तुडुंब भरलेली होती. इंटेलची छोटी स्पर्धक असलेल्या एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी जानेवारी 2023 मध्ये गुंतवणूकदारांना सांगून टाकलं की प्रत्यक्ष खपापेक्षा कमी माल आम्ही पाठवतो आहोत, आधी साठा संपू दे. अशा तिमाहीत वाटा घसरलेला दिसतो, पण गिऱ्हाईक कुठे गेलेलं नसतं. आणि जो वितरकाच्या गळ्यात माल मारतो त्याचा वाटा फुगलेला दिसतो. म्हणून मंदीतला तिमाही वाटा हा आकडा मी तरी मनावर घेत नाही. वर्ष-दोन वर्षांनी काय उरलं ते पाहावं.

2001 च्या मंदीनंतर काय उरलं ते आता स्पष्ट दिसतं. 2000 साली जगात सुमारे 204 अब्ज डॉलरच्या चिप विकल्या गेल्या. पुढच्या वर्षी 139 अब्ज. बारा महिन्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. पीसीची वार्षिक विक्री पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदाच घटली. इंटेलचं उत्पन्न 33.7 अब्जांवरून 26.5 अब्जांवर आलं. तरीही त्या वर्षी इंटेलने सात अब्जांहून जास्त रक्कम कारखान्यांत ओतली. याला माझी काडीचीही हरकत नाही. मंदीत ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने कारखाने बांधावेत आणि उठाव परतला की सगळ्यांच्या पुढे असावं. मेमरीच्या धंद्यात सॅमसंग असंच वर आलं. मॉरिस चँग यांनी 2009 मध्ये दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या टीएसएमसीची सूत्रं पुन्हा हाती घेतली तेव्हा मंदी पुरती ओसरलेली नव्हती, आणि 2010 मध्ये त्यांनी भांडवली खर्च 2.7 अब्जांवरून 5.9 अब्जांवर नेला. बाजार या मार्गाने जिंकणाऱ्याला दंड करायचं कारण नाही.

पण त्याच वर्षांत दुसराही एक मार्ग वापरला जात होता. मार्च 2000 मध्ये चिपच्या वेगाचा एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या आधी, दोनचार दिवसांच्या फरकाने का होईना, गाठला होता. 2001 मध्ये तिच्याकडे बाजाराचा सुमारे पाचवा हिस्सा होता. माल चांगला, किंमत कमी. सगळे खर्चाला कात्री लावत असताना अशा कंपनीचं फावायला हवं होतं. झालं उलटंच. 2002 मध्ये एएमडीला 1.3 अब्ज डॉलरचा तोटा झाला. युरोपीय आयोगाने 2009 मध्ये दिलेल्या निर्णयात ऑक्टोबर 2002 पासूनच्या पाच वर्षांचा तपशील आहे. इंटेल संगणक बनवणाऱ्या एचपीला सूट देत होती, अट ही की एचपीच्या व्यावसायिक डेस्कटॉपपैकी किमान 95 टक्क्यांत इंटेलचीच चिप असावी. एनईसी या दुसऱ्या संगणक कंपनीला 80 टक्क्यांची अट होती आणि डेलला सगळाच माल इंटेलकडून घ्यायची. जपानच्या स्पर्धा आयोगाने 2005 मध्ये असाच ठपका ठेवला. तिथे एएमडी आणि ट्रान्समेटा ही आणखी एक छोटी चिप कंपनी यांचा मिळून वाटा 2002 मध्ये सुमारे 24 टक्के होता, तो 2003 मध्ये 11 वर आला होता.

एएमडीने 2005 मध्ये अमेरिकेत केलेल्या दाव्यात एक प्रसंग येतो. तिने एचपीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले होते. एचपीने घेतले फक्त एक लाख साठ हजार. बाजार पडलेला, खर्चाची बोंब, आणि गिऱ्हाईक फुकटचा माल नको म्हणतं! दाव्यानुसार कारण साधं होतं: उरलेले घेतले असते तर इंटेलची सूट हातची गेली असती. डेलची गोष्ट तर याहून बोलकी. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने 2010 मध्ये मांडलेल्या आरोपांनुसार डेलच्या 2007 च्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत इंटेलकडून आलेली रक्कम डेलच्या कामकाजातल्या नफ्याच्या 76 टक्के होती. ही माहिती गुंतवणूकदारांपासून दडवल्याबद्दल डेलने, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, दहा कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. कंपनी कमावत होती ती संगणक विकून, की दुसऱ्याच्या चिप न घेऊन? इंटेलचं म्हणणं मात्र कायम हेच राहिलं की ही मोठ्या खरेदीवरची नेहमीची सूट होती.

नेहमीची सूट आणि ही सूट यांत फरक काय, हे एका काल्पनिक हिशेबातून दिसेल. समजा, एका संगणक कंपनीला 100 चिप हव्यात. त्यातल्या 70 तिला मोठ्या पुरवठादाराकडूनच घ्याव्या लागतात, कारण छोट्याचा कारखाना तेवढा माल देऊच शकत नाही आणि काही ग्राहक नावाजलेल्या चिपशिवाय ऐकत नाहीत. खरी चढाओढ उरलेल्या 30 साठी. चिपची किंमत 100 डॉलर. मोठा म्हणतो, जवळपास सगळी खरेदी माझ्याकडून केलीस तर प्रत्येक चिपवर 10 डॉलर परत. म्हणजे 100 चिप 9,000 डॉलरला पडल्या. आता 30 चिप छोट्याकडून घ्यायच्या तर उरलेल्या 70 वरचीही सूट जाते, त्यांचे पूर्ण 7,000 मोजावे लागतात. छोट्याला आपल्या 30 चिप 2,000 डॉलरमध्ये द्याव्या लागतील, म्हणजे एक चिप जेमतेम 67 डॉलरला. मोठ्याने 10 टक्के सोडले, छोट्याला 33 टक्के सोडायला भाग पडलं.

आता मंदी आणा. कंपनीला 80 चिपच पुरेत. कात्री पहिली कुठे लागते? नव्या, धाडसाच्या मॉडेलांना. हमखास खपणारी, जुन्या नावाची मॉडेलं शेवटपर्यंत टिकतात. तेव्हा मोठ्याचा पक्का भाग 70 वरून 65 वर येतो असं धरू. चढाओढीला उरल्या 15. सगळ्या 80 मोठ्याकडून घेतल्या तर 7,200 डॉलर. 65 त्याच्याकडून पूर्ण भावाने घेतल्या तर 6,500. छोट्याच्या 15 चिपना उरले 700 डॉलर, म्हणजे चिपमागे 47. सूट तीच, अट तीच, मोठ्याला एक पैसाही जास्त मोजावा लागला नाही; पण समोरच्याला 33 ऐवजी 53 टक्के सोडावे लागतात, आणि तेही कारखान्याचा घसारा छातीवर बसलेला असताना. पक्का भाग आणि चढाओढीचा भाग अगदी सारख्या प्रमाणात आटले तर हा परिणाम दिसणार नाही, हे मान्य. पण मंदीत कुठल्याही खरेदी विभागाची छाती नवा पुरवठादार आजमावण्याइतकी मोठी नसते.

म्हणून तेजीत निरुपद्रवी वाटणारी अट मंदीत घातक ठरते, आणि तीही दर उतरलेले दिसत असताना. दर खरोखरच उतरलेले असतात.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप न्यायालयाचा आहे. एएमडीने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली ऑक्टोबर 2000 मध्ये. आयोगाने 106 कोटी युरोंचा दंड ठोठावला मे 2009 मध्ये. सामान्य न्यायालयाने तो जानेवारी 2022 मध्ये रद्द केला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तितकाच कार्यक्षम स्पर्धकही या सुटीमुळे बाहेर फेकला गेला असता, हे आयोगाने नीट सिद्ध केलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. वर केलेला हिशेब खऱ्या आकड्यांनी, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी, प्रत्येक तिमाहीसाठी मांडायचा, तर तो अवघडच. न्यायालयाचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. प्रत्येक सूट संशयास्पद ठरवली तर कंपन्या दर उतरवायलाच घाबरतील. चूक आहे ती मुहूर्ताची. चोवीस वर्षांनी लागलेल्या निकालाचा त्या बाजाराला कणभरही उपयोग नव्हता. मधल्या काळात एएमडीने इंटेलकडून 125 कोटी डॉलर घेऊन 2009 मध्येच आपला वाद मिटवला होता. त्याच वर्षी तिने कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक कंपनीच्या पैशावर सोपवले होते.

एएमडीला धुतल्या तांदळासारखं दाखवायचा माझा हेतू नाही. 2006 मध्ये 5.4 अब्ज डॉलर देऊन तिने ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय विकत घेतली, ती झेपण्यापलीकडची उडी होती. 2007 मधल्या तिच्या चार कोअरच्या (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा गणक) चिपमध्ये दोष निघाला. 2011 ची बुलडोझर ही रचना फसली. कुठली घसरण कुणामुळे, हे तराजूत तोलून सांगता येणार नाही. पण मालाला उठाव असण्याच्या वर्षांत जो नफा हाती पडला असता तोच पुढच्या रचनांवर आणि कारखान्यांवर खर्च झाला असता, एवढं सांगायला तराजू लागत नाही.

ग्राहकाने काय मोजलं? जानेवारी 2007 मध्ये इंटेलची क्यू6600 ही चार कोअरची डेस्कटॉप चिप बाजारात आली. जानेवारी 2017 मध्ये सर्वसाधारण डेस्कटॉपसाठी इंटेलची सगळ्यात वरची चिप होती आय7-7700के. तिचेही कोअर चार. दहा वर्षांत वेग वाढला, विजेचा खप घटला, पण कोअर चाराचे पाच होईनात. मार्च 2017 मध्ये एएमडीने रायझन आणली, आठ कोअरची. ऑक्टोबरमध्ये त्याच वर्गात इंटेलची सहा कोअरची चिप हजर! दहा वर्षं जे जमलं नाही ते सात महिन्यांत जमलं. मंदीतल्या सुटीने ग्राहकाचे काही डॉलर वाचले असतील. या दहा वर्षांचं बिल मात्र कुणी त्याच्या हाती दिलं नाही.

यावर हमखास म्हटलं जातं: शेवटी बाजारानेच निकाल लावला ना? सर्व्हरच्या बाजारात 2017 मध्ये नावालाही नसलेली एएमडी 2024 मध्ये जवळपास पाव हिस्सा घेऊन बसली. इंटेलला 2024 च्या तिसऱ्या तिमाहीत 16.6 अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे दहा टक्के भागीदारी घेतली. गर्वाचं घर खाली झालं, नियामकाचं काय अडलं होतं? पण हा निकाल कसा लागला ते पाहा. इंटेलची दहा नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक चिप घडवायची, प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडली नसती तर तो लागला नसता. स्वतःचा कारखाना नसलेल्या कंपनीला अव्वल चिप बनवून देणारी टीएसएमसी उभी नसती तरी लागला नसता. आणि 2015 मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला होता; तेव्हा ती बुडाली असती तर रायझन कुणी आणली असती? एवढे योग जुळल्यावर जे घडलं त्याला बाजाराचा नियम म्हणायला माझं मन धजावत नाही.

योग जुळले नाहीत तर काय होतं ते मेमरीच्या धंद्यात दिसतं. तिथे माल सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे अटींच्या सुटीची भानगड नाही; मंदी थेट कापून काढते. जर्मनीची किमोंडा 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा 2012 मध्ये, आणि ती पुढच्या वर्षी मायक्रॉनने घेतली. उरल्या तिघी: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. डीरॅमचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य मेमरीचा, नव्वद टक्क्यांहून जास्त बाजार या तिघींचा. 2023 च्या मंदीत सॅमसंगच्या चिप विभागाला सुमारे 14.9 लाख कोटी वॉनचा तोटा झाला आणि एरवी उत्पादन न आवरणाऱ्या सॅमसंगनेही ते आवरलं. बाकी दोघींनी आधीच आवरलं होतं. यात संगनमत होतं असं मी म्हणत नाही. तिघीच असल्यावर संगनमताची गरजच काय? मग कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी आली, कारखाने तिकडे वळले आणि डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरच्या संगणकात मेमरी टाकणाऱ्याला निवड उरली ती एवढी.

तर मग करायचं काय? नवा कायदा लागत नाही. युरोपीय आयोगानेच ब्रॉडकॉमच्या प्रकरणात वाट दाखवली आहे. सेट-टॉप बॉक्स आणि मोडेमच्या चिपसाठी ब्रॉडकॉमने काही उत्पादकांशी केलेल्या करारांत अशाच अटी होत्या: आमच्याकडूनच घ्या, तर सवलत. आयोगाने जून 2019 मध्ये चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबर 2019 मध्येच अंतरिम आदेश काढून त्या अटी स्थगित केल्या. असा अंतरिम आदेश आयोगाने त्याआधी अठरा वर्षं वापरला नव्हता. वर्षभराने ब्रॉडकॉमने सात वर्षांसाठी अशा अटी न घालण्याची हमी दिली आणि प्रकरण संपलं. दंड नाही, पाव शतकाची लढाई नाही. दोष सिद्ध व्हायच्या आधी हात बांधले, ही तक्रार होऊ शकते, आणि ती अगदीच पोकळ नाही. पण इथे कंपनीला दर उतरवण्यापासून कुणी अडवलेलं नसतं. सूट द्या, हवी तेवढी द्या, नगावर द्या. फक्त ‘दुसऱ्याकडून घेतलीस तर सगळ्यावरची सूट गेली’ ही अट तेवढी काढा. निरपराध कंपनीचं यात नुकसान किती? चूक झालीच तर ती दुरुस्त करता येते. बुडालेला स्पर्धक परत उभा करता येत नाही.

दुसरं म्हणजे प्रबळ कंपनीने केलेले असे करार मागणी घटू लागताच नियामकाने मागवावेत, तक्रारीची वाट न पाहता. छोटा स्पर्धक तक्रार करतो तो गळ्याशी आल्यावर, आणि संगणक कंपन्या तर बोलतच नाहीत, कारण सूट त्यांच्याच खिशात जात असते.

आणि हे फक्त इंटेल-एएमडीचं जुनं भांडण उकरण्यासाठी नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपमध्ये एनव्हिडियाचं जे स्थान आहे ते इंटेलच्या भरभराटीतल्या स्थानाहून कमी नाही. सुमारे सात अब्ज डॉलरना मेलानॉक्स घेतल्यापासून सर्व्हर जोडणारं नेटवर्कही तिच्याच हाती आहे, आणि चीनच्या नियामकाने 2020 मध्ये त्या व्यवहाराला मंजुरी देताना दोन्ही माल एकमेकांना बांधून विकायचा नाही अशी अट घातली होती. सध्या उठाव इतका आहे की कुणाला सूट द्यायची वेळच येत नाही. तो ओसरेल तेव्हा पहिल्यांदा सुटीचे करार होतील, आणि त्यात चिप, नेटवर्क, सॉफ्टवेअर यांपैकी कशावरची सूट कशाच्या अटीवर आहे हे त्याच तिमाहीत विचारायला नियामकाच्या कचेरीत कुणीतरी बसलेलं असायला हवं.